बाराव्या वाक्याचं उत्तर

नॉर्डविक, नॉर्थ डाकोटा
रविवार, ६ नोव्हेंबर

प्रिय वेंडेल,

हा कोर्टाचा कागद नाही, तेव्हा दचकू नकोस. पाकिटावर पत्ता मुद्दाम हातानं घातलाय. टाइप केलेली पाकिटं तू ट्रकमध्ये पुढच्या काचेपाशी टाकतोस आणि ती उन्हानं पिवळी होईपर्यंत तिथंच पडून राहतात, हे मी चौतीस वर्षं बघितलंय. बावीस तारखेला सकाळी दहा वाजता कोर्टात आपली सुनावणी आहे, हे तुला माहीत असेलच. मी सप्टेंबरअखेर पाठवलेल्या तीन कागदांपैकी दोन कागदांची उत्तरं तुझ्याकडून आली. तिसऱ्याचं आलं नाही, आणि त्याची मुदत गेल्या बुधवारी संपली. त्याबद्दलच लिहायचंय. पण मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तू जाणतोस, तेव्हा जरा धीर धर. फोन केला असता, पण फोनवर तू आणि मी म्हणजे एकमेकांचे श्वास ऐकत बसणार, आणि मग मी हवामानाचं काहीतरी बोलून फोन ठेवून देणार. तू गेल्यापासूनच्या तेरा महिन्यांत हे असं चारदा झालंय.

इकडचं म्हणशील तर बीट सगळे निघाले. शेवटचे ट्रक गेल्या आठवड्यात गेले आणि आपल्या रस्त्यावर चिखलाची ढेकळं ठेवून गेले. गावच्या धान्यकोठाराला, जिथं तू वजनकाट्यावर बसायचास, नव्या मालकांनी कुलूप लावलं ते लावलंच. लोक आता गहू चाळीस मैलांवर नेतात आणि परत आले की तुझी आठवण काढतात, म्हणजे तिथल्या काट्यावरच्या माणसाला शिव्या घालतात. शाळेच्या स्वयंपाकघरात माझं तसंच चाललंय, रोज एकशे चाळीस पानं. बुधवारी बटाटे आणि खिम्याचं हॉटडिश, अजूनही सगळ्यात आधी तेच संपतं. एवढ्या जणांचं माप हाताला इतकं बसलंय की घरी एकटीपुरतं करायला गेले की चुकतंच. रविवारी केलेलं गुरुवारपर्यंत खाते. कॉफी अजून दहा कपांची करते, दोन पिते आणि बाकीची ओतून देते. दुपारी सुट्टीच्या दिवशी रेडिओवर गव्हाचे भाव लागतात. मला त्या भावांशी काय करायचंय? पण बंद केला की घर इतकं गप्प होतं की मी उठून पुन्हा लावते. शाळेतली इनेझ म्हणाली, "एखादं मांजर तरी पाळ." मी म्हटलं, "एक न बोलणारा प्राणी पाळून झालाय, आता नको." ती पोट धरधरून हसली. मीही हसले. घरी आल्यावर मात्र जिवाला फार लागलं, की तू नसतानाही मी तुझ्यावरच विनोद करून चार माणसांत भाव खाते.

थंडीसाठीच्या जादा काचा मी यंदा एकटीनं बसवल्या. एक जण आत, एक बाहेर असं ते काम. आत राहून खिट्टी धरायची आणि बाहेरून काच ढकलायची. मी काच लावायची, धावत आत यायचं, तोवर ती सरकलेली असायची. सातव्या खेपेला मी अंगणातच खाली बसले आणि तुला वाट्टेल ते बोलले. शेजारच्या नॉर्मानं खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला, हे तिचे उपकारच म्हणायचे. शेवटी पाच लागल्या. स्वयंपाकघराची राहिली.

एप्रिलमध्ये तुझे घटस्फोटाचे कागद घेऊन शेरीफचा माणूस आला होता, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तो माणूस म्हणजे आपला ट्रेव्हर. गणवेशात, टोपी हातात घेऊन दारात उभा. "मिसेस हॉव्हलँड, हे मला तुमच्याच हातात द्यावं लागतंय. माफ करा हं." ह्याला मी सहा वर्षं शाळेत जेवायला वाढलंय. वाटाणे खायचा नाही, रुमालात बांधून खिशात घालायचा आणि समजायचा की मला कळत नाही. मी म्हटलं, "अरे, तू काय करणार त्याला? आत ये, कॉफी घे." त्यानं उभ्या उभ्याच घेतली, भोपळ्याच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, तिसरा कागदात गुंडाळून नेला. तो गेल्यावर मी वाचलं. कारणाच्या जागी छापलेलं होतं, 'न मिटणारे मतभेद', आणि त्यापुढे तुझी खूण. वेंडेल, खरं सांगते, मला हसू आलं. मतभेद व्हायला आधी दोघांनी आपापलं मत तोंडातून बाहेर काढावं लागतं. आपण कोणत्या गोष्टीवरून भांडलो होतो ते मी आठवायला बसले. एकोणीसशे त्र्याण्णवमधलं मागच्या अंगणातल्या झाडाचं भांडण तेवढं आठवलं, आणि तेही मी एकटीच भांडले होते.

केरिन सिएटलहून दर रविवारी फोन करते, आधी मला, मग तुला. तिचं एकच पालुपद: "आई, वकील कर. तुझ्यानं 'नाही' म्हणवत नाही, सही करून मोकळी होशील." आपल्या गावात वकील एक, आणि तो पंचवीस वर्षं तुझ्याबरोबर बदकं मारायला जातोय. शहरातल्या एकाला फोन केला, तर त्याच्या ऑफिसातल्या मुलीनं पहिल्या भेटीच्या फीचा आकडा सांगितला. मी म्हटलं, "विचार करून कळवते," म्हणजे आपल्याकडचं सभ्य 'नाही'. मग कोर्टाच्या तळघरात दर गुरुवारी रोवीना नावाची बाई बसते, तिच्याकडे गेले. वकील परवडत नाही अशांसाठी ते टेबल आहे. टेबलावर पाटी आहे: 'येथे कायद्याचा सल्ला दिला जात नाही.' मी विचारलं, मग काय दिलं जातं? म्हणाली, "काय लिहायचं ते मी सांगू शकत नाही. कुठं लिहायचं ते सांगू शकते." म्हटलं, "माझ्या जागी तुम्ही असता तर काय विचारलं असतं?" "तेही नाही सांगता येणार." "बरं, मी नीट चाललेय का चुकतेय?" "तेही नाही. पण काळी शाई वापरा." तुला ती बाई फार आवडली असती. तुझ्याच जातकुळीतली आहे.

तिनं मला तीन कागद दिले. पहिल्यावर प्रश्न लिहायचे, दुसऱ्यानं शपथेवर उत्तरं द्यायची. दुसऱ्यावर हवी ती कागदपत्रं मागायची. तिसरा जरा निराळा. त्यावर आपण एकेक वाक्य लिहायचं, 'कबूल करा की अमुक अमुक', आणि समोरच्यानं प्रत्येकापुढं लिहून पाठवायचं, कबूल किंवा नाकबूल. मुदत तीस दिवस, वर टपालाचे तीन. रोवीनानं त्या दिवसात आपणहून एकच गोष्ट सांगितली. म्हणाली, "ह्या तिसऱ्याचं एक आहे. मुदतीत काही लिहून आलं नाही, तर सगळं कबूल केलं असं धरतात. हा सल्ला नाही हं, हा नियम आहे. मागच्या पानावर छापलाय." मी मान डोलावली आणि लिहायला बसले. घर लग्नानंतर घेतलं. तळ्याकाठची झोपडी तुझ्या भावाकडून तुला आली आणि त्यावर माझा हक्क नाही. ट्रक तुझा, गाडी माझी. अशी शहाण्यासारखी अकरा वाक्यं झाली. खाली एक ओळ मोकळी राहिली.

त्या दिवशी सकाळीच इनेझनं मला सांगितलं होतं की तू दोन दिवसांपूर्वी गावात येऊन गेलास, लोखंडी सामानाच्या दुकानात बोल्ट घ्यायला. "काय गप्पा मारत होता माणूस! मासे काय, बर्फ काय, अर्धा तास हलेना." आपलं घर तिथून चार गल्ल्या. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. दुकानातल्या बोल्टवाल्याशी अर्धा तास, आणि माझ्याशी वर्षभरात चार फोन. त्या रागात मी बारावं वाक्य लिहिलं. कबूल करा की चौतीस वर्षांत तुमचं माझ्यावर एक दिवसही प्रेम नव्हतं. रोवीनानं ते चष्म्यावरून वाचलं. "बाराव्याबद्दल मला काही म्हणता येणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, "मग म्हणू नका." तिनं प्रती काढून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळेत जाता जाता मी पाकीट टपालात टाकलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर तुझं उत्तर आलं, आणि टपालवाला ते दोन्ही हातांनी उचलून आणत होता. मला वाटलं होतं चार ओळी असतील. तू एक खोकं पाठवलंस. प्रश्नांची उत्तरं तुझ्या त्या काट्यावरच्या ठसठशीत अक्षरात, एकही खाडाखोड नाही. 'आणखी काही मालमत्ता' असं मी विचारलं होतं, तिथं तू दोन पानं भरलीस. तळघरातल्या पंपाला मार्चमध्ये तेल लागतं; अडला तर डाव्या बाजूनं लाथ घालायची, उजव्या बाजूनं कधीच नाही. उत्तरेकडच्या काचांच्या चौकटीवर आतून पेन्सिलीनं आकडे आहेत, चार आणि पाच ह्यांची गल्लत होते. घर तापवायच्या भट्टीची जाळी कुठल्या मापाची, ती गावात मिळत नाही तर कुठं मिळते. कोर्टाला शपथेवर हे सगळं सांगणारा तूच पहिला असशील. खोक्यात माझ्या मिक्सरची वॉरंटी होती, ज्याला मरून आठ वर्षं झाली. माझ्या आईच्या लेफ्साच्या पोळ्या भाजायच्या तव्याची वायर तू बदललीस तिची पावती होती. केरिनच्या पहिल्या सायकलचं माहितीपत्रक होतं, त्यावर तिनं मारलेल्या रेघोट्यांसकट. मी जमिनीवर बसून एकेक कागद काढला. मग पुन्हा सगळे काढून झटकले, कुठं आत एखादी चिठ्ठी आहे का म्हणून. नव्हती. तिसरा कागदही नव्हता. मला वाटलं, मागाहून येईल, माणूस विचार करत असेल.

दिवस जात राहिले. रोज शाळेतून आले की कोट न काढताच टपालपेटी बघायची. बुधवारी मुदत संपली आणि गुरुवारी मी तळघरात गेले. रोवीनानं मला बघूनच ओळखलं. "आलं नाही?" "नाही." "मग ते कबूल झालं." मी विचारलं, "सगळी बाराही?" ती म्हणाली, "सगळी बाराही." मग म्हणाली की न्यायाधीशांना बाराव्याशी काही देणंघेणं नाही, तो कागद फाईलला जोडायचा की नाही हे माझ्या हातात आहे, आणि हेही सल्ला म्हणून नव्हे. तेव्हा मी तो फाडून टाकू शकते. पण मी विचारलं होतं आणि तुझ्याकडून उत्तर आलं नाही, हे कसं फाडू? गुरुवारपासून तेच डोक्यात आहे. शुक्रवारी मी बटाट्यांत दोनदा मीठ घातलं, आणि एकशे चाळीस जणांनी ते तसेच ताटात ठेवले.

कोणी म्हणेल, बिचाऱ्याला नियम ठाऊक नसेल. इनेझ तसंच म्हणाली. पण मला स्वतःला असं फसवता येत नाही, कारण हा नियम मला तूच शिकवलास. सदतीस वर्षं तू त्या काट्यावर बसलास. शेतकऱ्याचा ट्रक तोलायचा, दाण्यातला ओलावा बघायचा, चिठ्ठी फाडून हातात द्यायची, आणि म्हणायचं, "तीन दिवस. काही म्हणणं असेल तर तीन दिवसांत येऊन सांगा. नाही आलात तर मान्य." मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा चोवीस वर्षांची होते, वडिलांच्या ट्रकमध्ये बसून आले होते आणि खिडकीतून तुझे कान बघत होते. पुढच्या हंगामात आपण नाचायला जायला लागलो, हिवाळा गेला, तरी तू लग्नाचं नाव काढेनास. एप्रिलमध्ये मी तुझ्या काट्याशी येऊन म्हटलं, "चर्चचा हॉल जूनच्या दुसऱ्या शनिवारी रिकामा आहे म्हणे." तू ओलावा बघत होतास, वर बघितलंस, आणि काही बोलला नाहीस. चौथ्या दिवशी मी पुन्हा आले आणि सांगितलं, "तीन दिवस झाले. काही म्हणणं आलं नाही. मान्य." तू इतका हसलास की बाहेरच्या शेतकऱ्यानं आत डोकावून बघितलं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेन! आपल्या लग्नात, केरिनच्या लग्नात, प्रत्येक नाताळला.

तेव्हापासून मी तसंच जगले. तू गप्प, म्हणजे तुला मान्य. नवा सोफा दाखवला, गप्प, मान्य. आईला शेवटची दोन वर्षं घरी आणायचं ठरवलं, गप्प, मान्य. तुझ्या गप्प राहण्याचा मला हवा तो अर्थ मी लावत गेले आणि त्याला संसार म्हणत गेले. एकदाही थांबून विचारलं नाही, की वेंडेल, तुला काय वाटतं. विचारलं असतं तर तू खांदे उडवले असतेस, ते जाऊ दे, पण मी विचारलं नाही. आता तोच नियम उलटून माझ्याच अंगावर आलाय. चौतीस वर्षं तुझं गप्प राहणं 'हो' होतं, मग ह्या वेळी ते 'नाही' आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि आता ते सांगते जे मी केरिनलाही सांगितलं नाही. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये कोठार बंद झालं, तेव्हा चर्चच्या तळघरात तुझ्यासाठी कॉफीचा कार्यक्रम ठेवला होता. साठ-सत्तर माणसं होती. पाद्री म्हणाले, "वेंडेल, दोन शब्द बोल." सगळ्यांना वाटलं तू हात हलवून नको म्हणशील. पण तू उठलास. खिशातून घडी केलेला कागद काढलास, उघडलास, घसा खाकरलास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून केक देत होते. आणि मी तिथून ओरडले, "अहो, त्याला कशाला छळता? चौतीस वर्षांत मला दहा वाक्यं ऐकायला मिळाली नाहीत, तुम्हाला दोन शब्द कुठले मिळतात!" तळघर नुसतं खदखदून हसलं. तूही हसलास. हसत हसत तू कागदाची घडी घातलीस, खिशात ठेवलास आणि खाली बसलास. मी ते बघितलं, वेंडेल. मला तेव्हाच कळलं होतं. गाडीतून घरी येताना मी म्हणणार होते की मला माफ कर, त्या कागदावर काय होतं ते मला वाच. पण मी केक किती उरला त्याबद्दल बोलत राहिले. तीन आठवड्यांनी तू तळ्यावरची झोपडी थंडीसाठी बंद करायला गेलास आणि संध्याकाळी फोन केलास, की मी इथंच थोडे दिवस राहावं म्हणतोय. तू थांबलास. बराच वेळ थांबलास. मी म्हटलं, "बरं." मला म्हणायचं होतं, परत ये. तुला वाटलं असेल, हिला मान्य आहे.

तेव्हा हे पत्र कशासाठी ते आता लिहिते. सोबत तीन कागद आहेत. पहिल्यावर मी तुझी मुदत अठरा तारखेपर्यंत वाढवून दिली आहे. दोघांची सही असली की तसं करता येतं, रोवीनानं कुठं सही करायची ते दाखवलं. माझी झालीय, तू तुझी कर. पहिली अकरा वाक्यं तशीच राहू देत, ती खरीच आहेत. दुसऱ्या कागदावर बारावं एकटं पुन्हा लिहिलंय आणि खाली जागा सोडलीय. घटस्फोट थांबवायला मी हे करत नाहीये. तुला हवा असेल तर बावीस तारखेला मी निळा कोट घालून येईन आणि जिथं सांगतील तिथं सही करीन. पण हे एक वाक्य तू नुसता गप्प राहिलास म्हणून खरं ठरू नये. खरं असेल तर 'कबूल' लिही. मी वाचीन आणि त्यावर जगायला शिकेन. खरं नसेल तर 'नाकबूल' लिही. एक शब्द पुरे. तू लिहीपर्यंत मी मध्ये बोलणार नाही. आणि तिसरा कागद माझा आहे. तू मला एकही प्रश्न पाठवला नाहीस, मला काहीच विचारलं नाहीस, म्हणून मीच स्वतःला विचारलं. काल सकाळी बँकेत जाऊन नोटरीपुढं शपथेवर लिहून दिलं. कॅरोलनं चाळीस वर्षांची ओळख असून माझं ओळखपत्र मागितलं, वाक्य वाचलं, उजवा हात वर करायला लावला आणि शिक्का मारला. त्यावर लिहिलंय: कबूल करा की चौतीस वर्षांत मार्लिस हॉव्हलँड हिचं वेंडेल हॉव्हलँड याच्यावर एक दिवसही प्रेम नव्हतं. त्याखाली काळ्या शाईत माझं उत्तर आहे. नाकबूल.

बावीस तारखेपर्यंत कायद्यानं, आणि त्या कागदावर लिहिलंय तशी,
तुझीच
मार्लिस